नववी बाटली

३ फेब्रुवारी, सोमवार

नवी वही सुरू केली. जुनीत चार पानं उरली आहेत, पण ती चुकांच्या यादीसाठी राखून ठेवली. चूक सापडली की तारीख घालून लिहून काढायची, म्हणजे ती डोक्यात घिरट्या घालत नाही, ही बाबांची शिकवण. माझ्या डोक्यात तरी घालतातच. पण लिहिलेल्या जरा कमी.

कामाला लागून आज दोन महिने झाले. वही बदलली म्हणून पहिल्यापासून लिहिते. आमची खोली इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. एक टेबल, दोन खुर्च्या आणि लाकडी खाचांमध्ये बसवलेल्या बारा तपकिरी बाटल्या. प्रत्येक बाटलीत कापसाची वात, वातीवर वासाचे थेंब. समोरच्यानं डोळे मिटायचे, मी बाटली नाकाखाली धरायची, चार पर्याय वाचायचे, त्यातला एक त्यानं सांगायचा. पार्किन्सन झालेल्या पुष्कळ जणांचं नाक हात कापायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी मंद होतं. नाकावरून आजाराची चाहूल किती आधी लागू शकते, हे आमच्या बाईंना मोजायचं आहे. बाई म्हणजे मोठ्या डॉक्टर. पण नाक सर्दीनंही जातं आणि वयानंही जातं. म्हणून रुग्णांच्याच वयाची चाळीस निरोगी माणसंही तपासायची आहेत. आत्तापर्यंत एकोणतीस झाली.

बाटल्यांवर नुसते आकडे आहेत. कागदात डोकावलं की समोरच्याची नजर मागोमाग येते, म्हणून क्रम पाठ हवा. इतके दिवस कागद बघून चालवलं, आता तो घरी पाठ केला. संध्याकाळी बाबा खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "म्हणून दाखव." मी अकरा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नव्हते. बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक, दर दीड वर्षाला बदली. आई मी तीन वर्षांची असतानाच गेलेली. आत्यानं अक्षरं शिकवली, बाबांनी बाकीचं सगळं. तेव्हापासून घरात काहीही पाठ केलं की ते बाबांना म्हणून दाखवायचं, अशी रीतच आहे. मी म्हणाले:

लिंबू, साबण, कॉफी, रॉकेल;
गुलाब, कांदा, पुदिना, धूर;
लवंग, चामडं, लसूण, गवत.

"पुन्हा," बाबा म्हणाले. असं आठवडाभर चाललंय. आत्या भाजी निवडता निवडता म्हणाली, "एवढ्यात तर मी अख्खं पंचांग पाठ केलं असतं."

"तू केलं असतंस ताई, पण चुकीचं," बाबा म्हणाले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक शिंपी आले होते, बायकोला घेऊन. उजवा हात मांडीवर सतत हलत होता, जणू शिवणयंत्र अजून चालूच आहे. बारापैकी दोन बरोबर. मग आपणहून सांगू लागले, "नाक आधी गेलं हो. इस्त्रीखाली कापड जळायचं आणि मला गिऱ्हाईक सांगायचं. मी म्हटलं, सर्दी असेल. सात वर्षं सर्दीच म्हणत होतो."

बायको म्हणाली, "आणि झोपेत लाथा. मी पलंगाच्या काठावर झोपायचे, पार कोपऱ्यात. तेव्हा यांना कुणी विचारलंच नाही."

आता आम्ही विचारतो. प्रश्नावलीत आहे: झोपेत हातपाय झाडता का, ओरडता का, पोट साफ व्हायला त्रास होतो का, चालताना एखादा हात हलायचा कमी झालाय का. मी हे प्रश्न आठवड्यातून पाच-सहा वेळा विचारते. आता झोपेतही विचारत असेन.

कागदावर चार पर्यायांखाली पाचवी चौकट आहे, 'माहीत नाही'. बाईंनी ती मुद्दाम ठेवली. त्या म्हणतात, हे उत्तर द्यायला माणसं सगळ्यात जास्त लाजतात. आधीच सांगायचं, त्यात कमीपणा नाही. मी सांगते, तरी लोक अंदाज ठोकतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

दर दोन आठवड्यांनी बाटल्या नव्यानं भरायच्या असतात. आधी बिनवासाच्या तेलाचे वीस थेंब, मग वासाचे पाच. आठवी भरून झाली आणि नववीत तेल घातलं, तोच आत्याचा फोन. "तुझ्या बापानं पातेलं जाळलं. दूध ठेवलं होतं, ते उतू गेलं, आटलं, कोळसा झाला. मी गच्चीवरून धूर बघून खाली आले. आणि हा स्वयंपाकघरातच, चार हातांवर बसून पेपर वाचतोय."

"लागलं नाही ना कुणाला?"

"पातेल्याला लागलं. नवं होतं."

मी म्हटलं, आत्या, कामात आहे. परत येऊन दहावी, अकरावी, बारावी भरली. बाबांचं वाचनात डोकं गेलं की घर पेटलं तरी कळायचं नाही, हे जुनंच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

निरोगी माणसं मिळत नाहीत. आजारी माणूस आशेनं येतो, धडधाकट माणूस कशाला येईल? आज दोघांनी आयत्या वेळी नाही म्हणून कळवलं. जेवताना हे बोलले तर बाबा म्हणाले, "मी येऊ का? चौसष्ट वर्षांचा आहे. डायबिटीस नाही, बीपी नाही."

"डोकंही नाही," आत्या म्हणाली.

माझ्या मनात लगेच शंका. आपल्याच माणसाला घेणं बरोबर का?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कर्मचाऱ्यांचे नातेवाईक चालतात. फक्त तू चाचणी घ्यायची नाहीस आणि खोलीतही थांबायचं नाहीस. काकांना घेऊ दे."

काका म्हणजे आमच्याकडे चालण्याची चाचणी घेणारे. त्यांना मी या वहीपुरतं घड्याळकाका म्हणते, कारण ते चहासुद्धा सेकंदांवर पितात. मनावरचं ओझं उतरलं. बाबा आणि मी, दोघांच्या मधे एक दार असेल. आणखी काय हवं?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाबा आले. इस्त्रीचा सदरा घालून, परीक्षेला बसल्यासारखे. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि नखं खाल्ली. लहानपणी मी आत असायचे आणि ते बाहेर.

बारापैकी बारा. त्या वयाच्या निरोगी माणसांतही नऊ-दहाच्या पुढे फारसं कुणी गेलेलं नाही. घड्याळकाकांनी कागद माझ्या हातात देत विचारलं, "तुझे वडील डावा हात खिशात घालूनच चालतात का? चालण्याच्या चाचणीत मी दोनदा बाहेर काढायला लावला, पुन्हा आत."

मी म्हटलं, "ऐट आहे त्यांची. निरीक्षक होते ना." त्यांनी मान डोलावली, पण पेन काही बंद केलं नाही.

घरी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "बाराला बारा? मग दूध जळलं तेव्हा हे नाक कुठं गेलं होतं?"

"पेपरात," बाबा म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो.

त्यांचा क्रमांक तेहेतीस. प्रश्नावलीत सगळीकडे 'नाही' लिहिलंय. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आत्यानं आपलं अंथरूण पुढच्या खोलीत हलवलं. म्हणते, "भिंतीपलीकडून हा रात्रभर कुणाशी तरी मारामारी करतो. काल दिवा पाडला." बाबांना विचारलं तर म्हणाले, वजनात मारणाऱ्या दुकानदारांची स्वप्नं पडतात. सहा वर्षं झाली निवृत्त होऊन, तरी कामाचा विचार सुटत नाही. मी पण त्यांच्यावरच गेले आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आधी चुकांच्या पानावर लिहिलं, मग इथे.

बाटल्या पुन्हा भरायच्या होत्या. कपाटातून लवंगेच्या अर्काची शिशी काढली, तर ती गच्च भरलेली. बाकी सगळ्या पाच-पाच थेंबांनी उतरलेल्या. नववी बाटली हुंगली. काहीच नाही. परत हुंगली. खिडकीशी जाऊन, श्वास मोकळा करून, परत. नुसतं तेल.

आत्याचा तो फोन. तेल घातलं, अर्क घालायचा राहिला.

दोन आठवडे मी लोकांच्या नाकाखाली काहीही नसलेली बाटली धरत होते. आणि रोज सकाळी प्रत्येक बाटली स्वतः हुंगून बघायचा नियम आहे, तोही मी पाळला नाही, कारण मला गेल्या महिन्यात सर्दी झाली तेव्हा सुटला तो सुटलाच. बाबांनी मला पहिलं काय शिकवलं असेल तर हे, की काहीही तोलायच्या आधी रिकामा तराजू बघ.

बाईंच्या खोलीला कुलूप होतं. उद्या सांगेन. रात्र कशी जाईल माहीत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं. उभ्या उभ्याच सांगून टाकलं, बसले असते तर रडले असते. बाई रागावल्या नाहीत, ते जास्त अवघड होतं. त्यांनी विचारलं, "किती जण?"

"अकरा."

"त्या अकरा जणांनी नवव्या बाटलीला काय सांगितलं, त्याचा तक्ता कर. मग सगळ्यांना परत बोलवायचं, एका बाटलीसाठी. फोन तू करायचेस. कारण खरं सांगायचं."

"मला काढून टाकणार का?"

"अगं, जो चूक सांगतो त्याला काढलं तर माझ्याकडे कोण उरेल?"

२६ फेब्रुवारी, बुधवार

तक्ता केला. अकरापैकी सहा जणांनी चुकीचं नाव सांगितलं. चौघांनी 'माहीत नाही' म्हटलं. एकानं लवंग म्हटलं. क्रमांक तेहेतीस.

मी विचार केला. चार पर्याय असले की डोळे झाकून ठोकलं तरी चारात एक बरोबर येतोच. उलट अकरात एकच आला, हे कमीच म्हणायचं. आणि वातीत जुन्या लवंगेचा अंश राहिला असेल, बाबांचं नाक तेज, त्यांना तो लागला असेल. तशी टीप मी तक्त्याखाली लिहिली.

बाईंनी तक्ता बराच वेळ पाहिला. "वाती नव्या घालतेस ना दर वेळी?"

"हो."

"तेहेतीसवे कोण?"

"माझे बाबा."

त्यांनी कागद पालथा घातला. "जेवलीस का? जा, आधी जेवून घे."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काल आणि आज मिळून दहा फोन केले. प्रत्येक वेळी तेच वाक्य: माझ्याकडून बाटलीत वास घालायचा राहिला, तुम्हाला पुन्हा तसदी. शिंप्यांच्या शेजारच्या गल्लीतल्या एक बाई म्हणाल्या, "म्हणजे माझं नाक बरं आहे? मी पंधरा दिवस रोज स्वयंपाकघरातले डबे हुंगतेय." एक गृहस्थ ओरडले. बाकीच्यांनी समजून घेतलं. पहिल्या फोनला वाक्य कागदावरून वाचलं, दहाव्याला कागद लागला नाही.

अकरावा फोन करायचा नव्हता. जेवताना बाबांना म्हटलं, "तुम्हालाही यावं लागेल परत. नवव्या बाटलीत वासच नव्हता. माझी चूक. पण गंमत बघा, अकरा जणांत तुमचं एकट्याचं बरोबर आलंय."

बाबांचा घास हातातच राहिला. "नव्हताच?"

"थेंबभरही नाही."

"अस्सं," ते म्हणाले. मग थोडं हसले, पण माझ्याकडे बघून नाही. ताटावरून लवकर उठले. पोट बरं नसावं. हल्ली साफ होत नाही म्हणतात.

१ मार्च, शनिवार

सकाळी आत्या ओट्यापाशी भांडी पुसत गुणगुणत होती. लवंग, चामडं, लसूण, गवत. कांदा, पुदिना, धूर. मी विचारलं, "आत्या, तुला हे कसं येतं?"

"आठवडाभर म्हणत होतीस की. भिंतींना पण पाठ झालं असेल."

मी कपबशी खाली ठेवली. मी चाचणीच्या खोलीबाहेर बसले, दार लावून घेतलं, आणि उत्तरं मात्र आधीच घरी वाचून दाखवली होती. रोज. दोनदा. बाबांनी 'पुन्हा' म्हटलं की पुन्हा.

पण ज्याला वास येतो, त्याला पाठांतराची गरज काय?

हे वाक्य मी मनात म्हटलं आणि ते पुढे सरकेना. शिंपी आठवले. पातेलं आठवलं. दिवा, खिसा, पोट. मी जे प्रश्न आठवड्यातून पाच-सहा वेळा विचारते, त्यांची उत्तरं माझ्याच घरात इकडेतिकडे पडली होती आणि मी ती उचलून वहीत लिहितही होते. मागची पानं उलटून पाहिली. सगळं माझ्याच अक्षरात आहे.

बाबा त्यांच्या खोलीत होते. टेबलावर निरोपाच्या वेळी मिळालेला पितळी तराजू. दोन्ही पारडी रिकामी. मी दारात उभी राहिले तर म्हणाले, "ये. तुझीच वाट बघत होतो."

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं होत आली. आधी वाटलं, आत्याच्या हाताची चव गेली. ताईला तसं म्हणालो असतो तर मेलोच होतो." मग म्हणाले, "तुझं काम सुरू झालं आणि तू त्या बाटल्यांचं सांगायला लागलीस. तेव्हा कळलं मला."

"मग आलात कशाला?"

"तुझी चाळीस माणसं भरत नव्हती."

बाबांनी तराजूचं एक पारडं बोटानं हलवलं.

"ते अर्धंच कारण. उरलेलं अर्धं असं, की मला वाटलं, बाराला बारा आले की मी निरोगी. कागदावर तसं लिहिलं जाईल, तुझ्या हातानं. मग कदाचित तसंच असेल." त्यांनी हलणारं पारडं धरलं. "तीस वर्षं मी दुकानदारांचे अंगठे बघत होतो. माल घालताना पारड्यावर हळूच टेकवलेला अंगठा. एकही सुटला नाही माझ्या हातून. आणि स्वतः काय केलं? तुझ्या तराजूवर अंगठा ठेवला. तोही रिकाम्या पारड्यावर. पकडला जायचाच."

"मी नाही पकडला. मी तर तुमचं नाक तेज म्हणून टीप लिहिली."

"ती खोडून टाक," बाबा म्हणाले.

३ मार्च, सोमवार

बाईंना दोन्ही सांगितलं. क्रम घरी मोठ्यानं पाठ केला ते, आणि बाबांचं. त्यांना तक्त्यापासूनच अंदाज होता. तेहेतीस क्रमांकावर आडवी रेघ मारली, तारीख घातली, कारण लिहिलं: 'उत्तरं आधी ठाऊक होती. दोष माझा.' बाईंनी शेवटचे दोन शब्द खोडायला लावले. म्हणाल्या, "नोंदीत कारण लिहायचं. दोष वाटायचं काम नोंदीचं नाही."

चुकांच्या पानावर मी ते दोन शब्द लिहून ठेवलेत. तिथे चालतात.

७ मार्च, शुक्रवार

बाईंनी बाबांना तपासलं. या वेळी मी आत होते, मुलगी म्हणून. बाई म्हणाल्या, "अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. टेकवा, उघडा. मोठं उघडा, भराभर."

उजवा हात ठीक. डाव्याची पहिली चार-पाच वेळा मोठी उघडझाप, मग लहान, आणखी लहान, मग अंगठा अडखळला आणि परत चालू झाला. मोजायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी काही लपवलं नाही आणि काही वाढवलंही नाही. सुरुवात आहे. अजून पुष्कळ वर्षं हिंडता-फिरता येईल. चालायला लागा, रोज, हात हलवत. गरज वाटेल तेव्हा औषध सुरू करू. बाबांनी एकच विचारलं, "तुमच्या अभ्यासात माझा उपयोग होईल का? दुसऱ्या यादीत."

"होईल," बाई म्हणाल्या. "पण पाठ करून यायचं नाही."

९ मार्च, रविवार

आत्याला बाबांनीच सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं माझ्या स्वयंपाकाला मान डोलावत होतास, ती खोटी?"

"चव थोडी कळते ताई."

"किती?"

"मीठ कळतं."

"बरं, मीठ तरी," ती म्हणाली आणि तोंड फिरवून ओटा पुसायला लागली. तो आधीच पुसलेला होता.

१९ मार्च, बुधवार

आता क्रम पाठ करायचा नाही. माणूस खोलीत शिरायच्या आधी बारा चिठ्ठ्या उचलायच्या, निघेल त्या क्रमानं बाटल्या मांडायच्या. ही पद्धत मी सुचवली. घड्याळकाका म्हणाले, यात प्रत्येकी पन्नास सेकंद जास्त लागतात. बाई म्हणाल्या, लागू देत. सकाळी मी बाराही बाटल्या हुंगते. लवंग दोनदा.

२ एप्रिल, बुधवार

बाबांची चाचणी पुन्हा झाली, रुग्णांच्या यादीत. नवा क्रमांक, नवी फाइल. मी बाहेरच्या बाकावर. नखं खाल्ली नाहीत, फक्त बघितली.

घड्याळकाकांनी कागद आणून दिला. तीन बरोबर. एक चूक. आठ ठिकाणी 'माहीत नाही'. बाबांनी प्रत्येक वेळी ते अगदी स्पष्ट सांगितलं, असं काका म्हणाले. लवंगेलाही. तिच्यात पाच थेंब होते, मी मोजून घातलेले, सकाळी दोनदा हुंगलेले. कागद मी यादीत चढवला. चौकटीत बरोबर मध्यभागी खूण करायला वेळ लागला.

संध्याकाळी घरी आले तर बाबांनी विचारलं, "किती पडले?" लहानपणी विचारायचे तसंच.

"तीन."

"खरे?"

"खरे."

आत्या आतून म्हणाली, "दूध ठेवलंय. मी गच्चीवर जातेय कपडे काढायला. कोण बघणार?"

"मी," बाबा म्हणाले. ते उठले, पेपर घडी करून फळीवर ठेवला आणि स्वयंपाकघरातली खुर्ची फिरवून शेगडीकडे तोंड करून बसले. दूध वर येईपर्यंत पातेल्यावरची नजर काढली नाही. साय थरथरली तसे पुढे वाकले आणि गॅस बंद केला.

मी दारातून पाहत होते. डावा हात खिशात नव्हता. गुडघ्यावर होता.